आठ मिलिमीटर आणि दोन लाख

‘सर, पिस्तूल कोणतं घेऊ?’ हा प्रश्न एअर पिस्तुलाच्या दहा मीटर रेंजवर काम करणाऱ्या प्रशिक्षकाला जितक्या वेळा ऐकावा लागतो, तितका दुसरा कोणताच नाही. विचारणारे बहुधा वडील असतात. मुलगा किंवा मुलगी क्लबचं पिस्तूल घेऊन काही महिने उभी राहिलेली असते, गुण थोडेफार वर सरकलेले असतात, आणि आता घरचं पिस्तूल हवं असं सगळ्यांनाच वाटू लागलेलं असतं. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर हा प्रश्न आणखी लवकर येऊ लागला. त्याच्या एका बाजूला हॅमर्ली एपी 20 सारखी साधी, हलकी, तुलनेने स्वस्त पिस्तुलं असतात. दुसऱ्या बाजूला स्टायर, मोरिनी, वाल्थर, पार्दिनी, फाइनवेर्कबाउ ही नावं, ज्यांची किंमत अडीच-तीन पट होते आणि आपल्याकडे आयात होऊन हातात येईपर्यंत दोन लाखांच्या आसपास किंवा पुढे जाते. नोकरदार घराला हा आकडा लहान नाही. म्हणून उत्तर देताना ‘परवडत असेल तर चांगलंच घ्या’ असं म्हणून मोकळं होणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं. ‘सुरुवातीला काहीही चालतं’ हेही तितकंच बेजबाबदार. माझं म्हणणं असं आहे की महाग पिस्तुलाचे जास्तीचे पैसे अचूकतेसाठी जात नाहीत. शॉट बिघडला तेव्हा चूक कोणाची होती, हे निःसंशय कळावं यासाठी ते जातात. हे कळण्याचा उपयोग ज्याला करून घेता येतो, त्याला ते पिस्तूल स्वस्त पडतं. ज्याला अजून तो करून घेता येत नाही, त्याच्या हातात ते पेटीतच पडून राहिल्यासारखं असतं.

आधी अचूकतेचाच हिशेब करून टाकू, कारण बहुतेकांचा गैरसमज तिथे असतो. दहा मीटर एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहाच्या वर्तुळाचा व्यास 11.5 मिलिमीटर असतो आणि छर्रा 4.5 मिलिमीटरचा. छऱ्र्याची कड रेषेला टेकली तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे छऱ्र्याचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून आठ मिलिमीटरपर्यंत सरकला तरी दहाच. पुढे दर आठ मिलिमीटरला एक गुण कमी होत जातो: सोळापर्यंत नऊ, चोवीसपर्यंत आठ, बत्तीसपर्यंत सात. आता पिस्तूल शिकंज्यात घट्ट आवळून, त्याला मानवणाऱ्या छऱ्र्यांनी दहा मीटरवर मारलं, तर चांगल्या नळीचं स्वस्त पिस्तूलही एकाच भोकात छर्रे घालत जातं. ते भोक एका छऱ्र्यापेक्षा किंचित मोठं, एवढंच. रशियातल्या इझेव्स्कचं आयझेडएच 46 एम हे एका झटक्यात हवा दाबणारं जुनं पिस्तूल दिसायला ओबडधोबड, पण त्याच्या नळीला नावं ठेवणारा जाणकार मला भेटलेला नाही. महाग पिस्तुलाचं भोक त्याहून थोडं लहान असेल. पण दोघांनाही आठ मिलिमीटरची मुभा पुरून उरते. निव्वळ नळीच्या जोरावर एकालाही नऊ मारण्याचं कारण नाही. इथे एक गोष्ट बाजूला काढून ठेवली पाहिजे: स्प्रिंगच्या जोरावर चालणारी, आत जड दट्ट्या धावणारी पिस्तुलं या चर्चेत बसत नाहीत. छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आतच दट्ट्याचा हिसका हाताला बसतो, आणि हात दर वेळी तो हिसका एकसारखा झेलत नाही. ती अंगणात डबे पाडण्यासाठी ठीक आहेत. मी स्वस्त म्हणतो ते दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या, जवळजवळ धक्का न देणाऱ्या पिस्तुलांबद्दल.

मग गुण जातात कुठे? बहुतेक साइटमध्ये आणि बोटात. पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर साधारण 320 मिलिमीटर असतं. पुढची साइट मागच्या खाचेत मध्यावर न राहता फक्त एक मिलिमीटर बाजूला सरकली, तर दहा मीटरवर छर्रा सुमारे 31 मिलिमीटर बाजूला जातो. वरच्या हिशेबाने तो सात. उलट दोन्ही साइट नीट जुळलेल्या असतील आणि सगळा हातच एक मिलिमीटर सरकला, तर छर्रासुद्धा एकच मिलिमीटर सरकतो. नवशिक्याला हे आकडे सांगितले की त्याचा विश्वास बसत नाही, कारण त्याला डोळ्यांसमोर हलताना दिसतो तो अख्खा हात. मनगटात होणारी मिलिमीटरभर वळवळ त्याच्या नजरेतून सुटते. काळ्या वर्तुळाचा व्यास 59.5 मिलिमीटर आहे, आणि सुरुवातीच्या काळात मुलाचा होल्ड, म्हणजे नेम धरलेलं पिस्तूल, त्या सगळ्या काळ्यावर भटकत असतो. अशा वेळी नळीने दोन मिलिमीटर कमी-जास्त केले तर गुणपत्रकावर त्याची सावलीसुद्धा पडत नाही. साठ शॉटच्या सामन्यात पाचशे वीसच्या आसपास मारणाऱ्या मुलाच्या हातात उद्या ऑलिंपिकचं पिस्तूल दिलं, तर पहिल्या आठवड्यात नव्याच्या उत्साहाने गुण वाढतात आणि मग जिथे होते तिथे येऊन बसतात. हे रेंजवर इतकं नेहमीचं आहे की कोणी त्याची नोंदसुद्धा ठेवत नाही. घरी मात्र तेव्हा ‘एवढं महाग घेऊन दिलं तरी’ हे वाक्य सुरू होतं, आणि ते मुलाच्या खांद्यावर पिस्तुलापेक्षा जड बसतं.

तरीही महाग पिस्तुलात काहीतरी खरंच वेगळं असतं, आणि ते ट्रिगरमध्ये असतं. नियमाप्रमाणे एअर पिस्तुलाचा ट्रिगर 500 ग्रॅमपेक्षा हलका चालत नाही. पिस्तूल उभं धरून ट्रिगरला 500 ग्रॅमचं वजन अडकवतात आणि उचलतात. ते उचललं जायला हवं. पिस्तुलाचं स्वतःचं वजन असतं सुमारे एक किलो. म्हणजे हवेत, टेकूशिवाय, एका हातात धरलेल्या वस्तूच्या निम्म्या वजनाइतका जोर बोटाने द्यायचा, आणि ती वस्तू मिलिमीटरभरही वळू द्यायची नाही. हे जमण्यासाठी ट्रिगर दोन टप्प्यांत चालतो. पहिल्या टप्प्यात साडेतीनशे-चारशे ग्रॅम बोट आधीच घेऊन बसतं. मग एक स्पष्ट अडसर लागतो, नेमबाज त्याला भिंत म्हणतात. उरलेले शे-दीडशे ग्रॅम त्या भिंतीवर हळूहळू वाढवत न्यायचे, नजर पुढच्या साइटवर ठेवून, आणि शॉट आपोआप सुटू द्यायचा. चांगल्या ट्रिगरमध्ये ही भिंत प्रत्येक वेळी त्याच जागी, त्याच वजनाला लागते. स्वस्त पिस्तुलाच्या ट्रिगरमध्ये ती कधी किंचित अलीकडे लागते, कधी पलीकडे. कधी भिंत लागल्यावरही बोटाला बारीकशी सरक जाणवते, कोरड्या दारासारखी खरखर लागते. आतले अडकून बसणारे पोलादी भाग किती कडक केले आहेत, किती गुळगुळीत घासले आहेत, मापाला किती नेमके आहेत, यावर हे सगळं अवलंबून असतं, आणि महाग पिस्तुलाच्या किमतीतला मोठा वाटा त्याच कारागिरीचा असतो. मुंबईच्या आणि कोकणाच्या दमट हवेत हा फरक आणखी वाढतो, कारण पावसाळ्यात दुर्लक्ष झालं की ट्रिगरच्या स्प्रिंगवर आणि पिनेवर तांबूस गंज चढतो आणि आधीच खरखरीत असलेला ट्रिगर पार बिघडतो.

शिकंज्यातल्या चाचणीत हे काहीच दिसत नाही. शिकंजा पिस्तूल हलू देत नाही, त्यामुळे ट्रिगर कसाही असला तरी छर्रे एकाच भोकात जातात. दुकानदार कागदावरचं ते सुंदर भोक दाखवतो आणि ‘बघा, दोन लाखवाल्याइतकंच आहे’ असं म्हणतो. तो खोटं बोलत नाही, पण ते भोक फक्त नळीची साक्ष देतं. बोट, ट्रिगर आणि मनगट एकत्र येतात तेव्हा काय होतं, याची साक्ष ते देऊ शकत नाही. त्यासाठी माणसाच्या हातातच परीक्षा घ्यावी लागते.

ही परीक्षा घ्यायला कोणतंही यंत्र विकत घ्यावं लागत नाही. प्रत्येक नेमबाजाला आम्ही सुरुवातीपासून शॉट ‘कॉल’ करायला शिकवतो. शॉट सुटला त्या क्षणी पुढची साइट कुठे होती, ते मॉनिटरकडे न पाहता सांगायचं, दिशा घड्याळाच्या आकड्यांनी: ‘दहा, मध्यात’, ‘नऊ, चार वाजता’, ‘आठ, नऊ वाजता’. मॉनिटर झाकून ठेवायचा, कॉल वहीत लिहायचा, आणि दहा-दहा शॉटनंतर खरे गुण शेजारी मांडायचे. पहिले बरेच महिने हे दोन रकाने एकमेकांशी काही नातं सांगत नाहीत. मुलगा म्हणतो दहा, लागलेला असतो आठ, सात वाजता, कारण भिंतीवर वाट पाहण्याऐवजी त्याने बोट खेचलेलं असतं आणि खेचताना पापणीही मिटलेली असते. या काळात पिस्तूल महाग असो की स्वस्त, त्याला स्वतःचीच चूक दिसत नाही. पिस्तुलाने चूक कितीही स्वच्छ दाखवली तरी ती पाहणारा डोळा अजून तयार झालेला नाही. मग हळूहळू कॉल जुळू लागतात. आधी दिशा जुळते, नंतर अंतर. आणि मग एक टप्पा असा येतो की कॉल सलग स्थिर येतात, नेमबाज ठामपणे ‘हा माझा दहा होता’ म्हणतो, पुढची साइट कुठे होती हे त्याला फोटोसारखं आठवतं, आणि तरीही अधूनमधून एखादा शॉट नऊला, कधी आठला, अकारण जाऊन बसतो. दिशाही दर वेळी वेगळी. छर्रे बदलून पाहिले, साइटचे स्क्रू तपासले, शिकंज्यात भोक एकच पडतंय, तरीही तेच. इथे पिस्तूल संशयित ठरतं, आणि इथूनच जास्त पैसे टाकण्याला अर्थ येतो.

हा संशय किती महाग पडतो, ते गुणांच्या आकड्यात पूर्ण दिसत नाही. वाईट शॉट गेल्यावर नेमबाजाने पुढच्या शॉटआधी फक्त एक गोष्ट दुरुस्त करायची असते. चूक आपली होती हे त्याला माहीत असेल तर तो ती करतो: मनगट घट्ट, नजर साइटवर, बोट सावकाश. पण चूक माझी की पिस्तुलाची हेच नक्की नसेल, तर तो साइटचे क्लिक फिरवू लागतो. चांगल्या पिस्तुलावर एका क्लिकने छर्रा दहा मीटरवर जेमतेम दीड-दोन मिलिमीटर सरकतो आणि तितकेच क्लिक उलटे फिरवले की मूळ जागी परत येतो. हलक्या साइटमध्ये उलट फिरवल्यावर तो तिथेच परत येईल याची खात्री नसते. मग एका शॉटच्या चुकीसाठी तो साइट हलवतो, पुढच्या शॉटला ती सरळ करायला पुन्हा हलवतो, आणि विसाव्या शॉटपर्यंत त्याला स्वतःचं शून्य कुठे होतं हेच सांगता येत नाही. सव्वा तासात साठ शॉट मारायचे असतात. त्यातली पंधरा-वीस मिनिटं या संशयात गेलेली मुलं मी पाहत आलो आहे, आणि त्यांच्या हातात तेवढ्यापुरतं दुसरं पिस्तूल दिलं तर चेहऱ्यावरचा ताण बदललेला स्पष्ट दिसतो. महाग पिस्तूल देतं ते हे: प्रत्येक वाईट शॉट निर्विवादपणे तुमचा. नेमबाज तयार असेल तर याहून मोठी मदत कोणतंच साधन करू शकत नाही.

याला पहिला आक्षेप बहुधा दुसऱ्या प्रशिक्षकांकडूनच येतो, आणि तो गंभीर आहे. ते म्हणतात, स्वस्त पिस्तुलाच्या खरखरीत ट्रिगरवर मुलगा बोट खेचायला शिकतो, आणि ती सवय मोडायला पुढे वर्ष जातं. म्हणून पहिल्या दिवसापासून चांगलंच द्या. यातला ट्रिगरविषयीचा अर्धा भाग मला मान्य आहे. म्हणूनच माझ्या मते स्वस्त पिस्तूल निवडताना पाहायच्या गोष्टी दोनच, आणि त्यांत तडजोड नको. ट्रिगर स्वच्छ दोन टप्प्यांचा हवा, आणि त्यात छर्रा न घालता, हवा न सोडता ट्रिगर दाबून सराव करायची सोय हवी. ड्राय फायरिंगशिवाय नेमबाज घडत नाही, आणि घरी भिंतीसमोर उभं राहून करायचा हा सराव ज्या पिस्तुलावर होत नाही, ते फुकट मिळालं तरी नको. या दोन अटी पुऱ्या झाल्या तर वाईट सवय लागण्याचं कारण पिस्तुलात उरत नाही. ती लागते घाईने दहा मारायच्या हव्यासामुळे, आणि तो हव्यास महाग पिस्तुलाबरोबर वाढतो, कमी होत नाही. शिवाय वजनाचा मुद्दा आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला एपी 20 सारखं नऊशे ग्रॅमच्याही आतलं पिस्तूल साठ शॉट पेलवतं. त्यावर शंभर-दीडशे ग्रॅम चढले की शेवटच्या वीस शॉटमध्ये खांदा उचलून धरायची सवय लागते, आणि तीही मोडायला तितकीच अवघड. नियमाप्रमाणे पिस्तुलाला दीड किलोपर्यंत मुभा आहे, पण मुभा आहे म्हणून वजन पेलवतं असं नाही.

या आक्षेपात ज्या गोष्टीचा उल्लेख राहून जातो, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते: ग्रिप. पिस्तूल हातात जसं बसतं तसं ते लागतं. हात डोळे मिटून वर आणला, मग डोळे उघडले, तर दोन्ही साइट आपोआप जुळलेल्या दिसायला हव्यात. त्या डावीकडे किंवा उजवीकडे दिसत असतील तर नेमबाज प्रत्येक शॉटला मनगट वाकवून त्या जुळवतो, आणि विसाव्या शॉटनंतर थकलेलं मनगट ते करायचं सोडून देतं. हे दुरुस्त करायला लाखभर रुपये लागत नाहीत. लाकडाची ग्रिप कानशीने घासायची, जिथे पोकळी आहे तिथे सुताराकडची लाकडी पुट्टी भरायची, ओली असताना ग्रिप हातात धरून बोटांचे ठसे उमटवायचे, वाळली की पॉलिश पेपरने हलकेच घासायची, पुन्हा डोळे मिटून हात वर आणायचा. तळहाताखालचा टेकू इतकाच वर घ्यायचा की हात त्यावर बसेल, पण आवळला जाणार नाही. मनगट मोकळं राहिलं पाहिजे हा नियमच आहे. आठवडाभराचं हे काम असतं आणि त्यात प्रशिक्षकाचा वेळ जातो, पैसे नाहीत. महाग पिस्तुलाबरोबर ग्रिप वेगवेगळ्या मापांत मिळते, तिचा कोन बदलता येतो, ही सोय मोठीच. पण माप चुकीचं निवडून दोन लाखांचं पिस्तूल हातात ढिलं फिरताना जितकं दिसतं, तितकं ते स्वस्त पिस्तुलातही दिसत नाही, कारण महाग अक्रोडाच्या लाकडाला कानस लावायला कोणाचा हात धजत नाही.

दुसरा आक्षेप पॅरिसने पुरवला. तुर्कस्तानचे 51 वर्षांचे युसूफ दिकेच टी-शर्टमध्ये, रोजचा चष्मा लावून, एक हात खिशात घालून उभे राहिले आणि मिश्र सांघिक दहा मीटर पिस्तुलात शेव्वाल इलायदा तारहान यांच्यासह रौप्यपदक घेऊन गेले. त्याच स्पर्धेत मनू भाकर आणि सरबज्योत सिंग यांनी दक्षिण कोरियाला 16–10 असं हरवून कांस्य मिळवलं. दिकेच यांचं छायाचित्र जगभर फिरलं आणि ‘साधनं काही करत नाहीत, माणूस करतो’ हा निष्कर्ष घराघरात पोचला. छायाचित्रात जे नाही ते लोकांनी पाहिलं, जे आहे ते पाहिलं नाही. डोळ्यावरचे पडदे आणि खास चष्मे नव्हते, हे खरं. पण त्यांच्या हातात पूर्ण स्पर्धा दर्जाचं पिस्तूल होतं. खिशातला हात तर बहुतेक सगळेच पिस्तूल नेमबाज तसाच ठेवतात. 2008 पासून ऑलिंपिक खेळत आलेल्या माणसाने नको ते काढून टाकलं आणि ठेवलं ते हेच, हातात बसणारं आणि खोटं न बोलणारं पिस्तूल. त्या छायाचित्रावरून स्वस्त पिस्तुलाचं समर्थन होत नाही, आणि मुलांना ते तसं समजावणं मला अन्यायाचं वाटतं.

महाग पिस्तूल कधी बिघडत नाही, असा उलट टोकाचा विश्वास त्याच मनू भाकरच्या टोकियोतल्या अनुभवासमोर टिकत नाही. 2021 मध्ये तिच्या पात्रता फेरीच्या मध्येच पिस्तुलात बिघाड झाला, दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली, आणि 575 गुणांवर ती बाराव्या स्थानी राहून अंतिम फेरीला मुकली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये 580 गुणांनी ती अंतिम फेरीत गेली आणि 221.7 गुणांवर कांस्य घेऊन बाहेर पडली. काही महाग पिस्तुलांत असणारा इलेक्ट्रॉनिक ट्रिगर बोटाला फार स्वच्छ लागतो, पण त्याच्यामागे बॅटरी, तार आणि सर्किट असतं. यांत्रिक ट्रिगरमागे स्प्रिंग आणि पोलाद. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या, दुरुस्ती करणारा माणूस एका रात्रीच्या प्रवासाच्या अंतरावर असलेल्या मुलासाठी मी नेहमी यांत्रिक ट्रिगर सुचवतो, मग पिस्तूल कोणत्याही किमतीचं असो.

आणि आता पैशांबद्दल सरळ बोलू, कारण निर्णय शेवटी तिथेच होतो. छऱ्र्यांच्या एका डब्यात पाचशे छर्रे असतात. रोज शंभर छर्रे मारणाऱ्या मुलाला तो पाच दिवस पुरतो. रेंजचं शुल्क, प्रवास, स्पर्धांची प्रवेश फी, पुण्याच्या बालेवाडीला किंवा मुंबईच्या वरळीला राज्य स्पर्धेसाठी चार दिवस राहण्याचा खर्च, हे सगळं वर्षानुवर्षं चालणारं आहे. घराने आपली सगळी ताकद पहिल्याच वर्षी पिस्तुलात घातली, तर दुसऱ्या वर्षी छर्रे मोजून मारावे लागतात, स्पर्धा गाळाव्या लागतात, आणि चांगलं पिस्तूल असूनही मुलगा मागे पडतो. ‘पण महाग पिस्तुलाची किंमत टिकते, नंतर विकता येतं’ हा तिसरा आक्षेप खरा आहे, आणि मी तो उलट बाजूने वापरतो. किंमत टिकते म्हणूनच चांगल्या नेमबाजाने वरचं मॉडेल घेताना सोडलेलं, नीट वापरलेलं जुनं स्पर्धा पिस्तूल हा मधल्या टप्प्यावरचा सर्वांत शहाणा सौदा असतो. दहा वर्षांपूर्वीचा चांगला ट्रिगर आजही चांगलाच असतो. त्यामुळे माझ्या सल्ल्यात नवं, कोरं महाग पिस्तूल फार क्वचित येतं. क्लबच्या पिस्तुलावर पहिलं वर्ष, मग गरज असेल तर दोन अटींत बसणारं स्वस्त पिस्तूल, आणि वहीतले कॉल जुळू लागले की वापरलेलं पण पहिल्या दर्जाचं, हा क्रम मला पटतो. ज्या गावात सिलिंडर भरून मिळण्याची सोय नाही, तिथे हवेची बाटली लागतच नाही असं एका झटक्यात हवा दाबणारं पिस्तूल मुलाला रोजचा सराव देतं. दर शॉटला हात खाली घेऊन दांडा ओढावा लागतो, यात थकवा येतो हे कबूल, पण महिन्यातून एकदा शहरात जाऊन बाटली भरून आणणाऱ्या मुलापेक्षा तो जास्त शॉट मारतो.

वापरलेलं पिस्तूल घेताना लोक नळी डोळ्याला लावून बघतात आणि बाहेरचे ओरखडे मोजतात. त्याआधी सिलिंडर काढून हातात घ्यावा आणि त्यावर कोरलेली तारीख वाचावी. 200 बार दाबाची हवा धरणाऱ्या या बाटलीची मुदत उत्पादक ठरवून देतात, साधारण दहा वर्षांची, आणि ती उलटली नाही ना हे पाहण्याची जबाबदारी स्पर्धेत नेमबाजावरच असते. मुदत संपली असेल तर नव्या सिलिंडरची किंमत सौद्यातून वजा करावी. मग सिलिंडर भरून दाबमापकाचा आकडा कागदावर लिहावा आणि पिस्तूल रात्रभर तसंच ठेवावं. सकाळी काटा खाली आला असेल तर कुठलं तरी रबरी वायसर गेलेलं आहे, जे बदलता येतं, पण त्या मॉडेलचे सुटे भाग अजून मिळतात का याची चौकशी पैसे देण्याआधी करावी. ट्रिगरला 500 ग्रॅमचं वजन अडकवून ते सलग दहा वेळा उचलून बघावं, एकदा नव्हे, कारण सीमेवर आणून ठेवलेला ट्रिगर चौथ्या-पाचव्या वेळी सुटतो आणि सामन्यानंतरच्या तपासणीत असं झालं तर सगळा सामना बाद होतो. आपल्या हातात घेतल्यावर तो 510-520 वर ठेवावा. आणि ज्याच्यासाठी पिस्तूल घ्यायचं आहे त्या मुलाला सोबत न्यावं, डोळे मिटून हात वर आणायला सांगावं, पंचवीस-तीस ड्राय शॉट मारू द्यावेत, आणि भिंत कुठे लागते असं त्यालाच विचारावं.